घर वैनगंगेच्या कोणत्या काठावर?

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्यात नोकरी करणाऱ्या माणसाला घर कुठं आहे असं विचारलं, की बरेचदा दुसऱ्याच गावाचं नाव कानावर येतं. मास्तरांनी गडचिरोलीला बांधलं, ग्रामसेवकानं ब्रह्मपुरीला प्लॉट घेतला, कुणाचा नागपूरला फ्लॅट आहे. धानोऱ्यात ते राहतात ते किरायाच्या खोलीत. शुक्रवारी संध्याकाळी गडचिरोलीच्या दिशेनं दुचाक्यांची रांग लागते, सोमवारी सकाळी तीच रांग परत येते. पगार जंगलाच्या तालुक्यात मिळतो आणि विटा दुसरीकडं, बरेचदा वैनगंगेपलीकडं, रचल्या जातात. त्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. प्रत्येकाच्या मागं आजारी आईवडील, शिकणारी पोरं आणि बदलीची टांगती चिंता आहे. तरीही हा हिशेब एकदा नीट मांडून पाहायला हवा असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. माझ्या ओळखीच्या एका घरात तो मांडला गेला आणि मी तिथं बसून ऐकला.

बोलणारे दोघं, मामा आणि भाची. भाची आरोग्य विभागात परिचारिका आहे, तिचा नवरा मुरुमगाव रस्त्यावरच्या एका गावात जिल्हा परिषदेचा शिक्षक. दोन पोरं, मोठी सातवीत. मामाजी वन विभागातून निवृत्त झाले, नोकरीची बहुतेक वर्षं याच तालुक्यात काढली आणि आता ब्रह्मपुरीला स्वतःच्या घरात राहतात. भाचीनं धानोऱ्यातच घर बांधायचं ठरवलं आहे हे कळल्यावर ते तिला समजवायला आले होते.

मामाजी : आमच्या घरामागच्या लेआउटमध्ये प्लॉट निघाला आहे, पोरी. एनए झालेला, रस्ता सोडलेला. मालक ओळखीचा. असा योग पुन्हा येत नाही.

भाची : मामाजी, मी इथं राहते, हे इथं राहतात, पोरं इथं शिकून राहिली. मग घर तिकडं काहून बांधायचं?

मामाजी : घर काही नोकरीसाठी नसते बांधत. नोकरी सुटल्यावर डोकं कुठं टेकायचं, त्यासाठी बांधतात. मी बत्तीस वर्षं क्वार्टरमध्ये राहिलो. निवृत्त झालो त्या दिवशी सामान लादून थेट ब्रह्मपुरी. एक दिवस कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही.

भाची : तुमची गोष्ट वेगळी. सरकारनं तुम्हाला क्वार्टर दिलं होतं. आम्ही महिन्याला किराया भरतो. ब्रह्मपुरीला घर बांधलं तरी इथला किराया सुटणार नाही. म्हणजे कर्जाचा हप्ता तिकडं, किराया इकडं. दोन चुली, दोन सिलिंडर, विजेचे दोन मीटर. बंद घराचाही कर भरावा लागतो, मीटरचा स्थिर आकार भरावा लागतो, आणि वाळवी तर कुलूप पाहून आत शिरते. माझ्या ड्युटीला शनिवार-रविवार नसतो. मी त्या घरात वर्षातून किती रात्री झोपेन ते तुम्हीच सांगा.

या ठिकाणी मामाजी थोडे थांबले. कारण ही ‘दोन चुलीं’ची किंमत घराच्या व्यवहारात कुणीच धरत नाही. प्लॉटचा भाव, रेती, गिट्टी, लोखंड, मिस्त्रीची मजुरी, सगळं कागदावर येतं. पण एका कुटुंबाचे दोन संसार झाले की दर महिन्याला जे गळत राहतं, ते कुठल्याच अंदाजपत्रकात नसतं. त्यात नवरा एका गावात आणि बायको-पोरं दुसऱ्या गावात अशी फाळणी झाली, तर पैशाच्या पलीकडचंही बरंच जातं. शिक्षक आणि ग्रामसेवकांना मुख्यालयी राहण्याची अट आहे, त्यासाठी ग्रामसभेचा ठरावही मागतात. ती अट कागदावर पाळायची आणि प्रत्यक्षात रोज पन्नास-साठ किलोमीटर दुचाकी हाणायची, यात माणूस झिजतो.

मामाजी : मग नागपूर घे. तुझा दीर म्हणून राहिला ना, फ्लॅट घ्या म्हणून? नागपूरची किंमत कधी पडत नाही. पोरांच्या शिक्षणाची सोय होते आणि म्हातारपणी सगळे दवाखाने हाताशी.

भाची : तोही हिशेब केला. समजा तीस लाखांचा फ्लॅट. नागपुरात मेट्रोचा अधिभार धरून मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे दोन लाख दहा हजार. माझ्या एकटीच्या नावावर घेतला तर एक टक्का सुटतो, एक लाख ऐंशी हजार. नोंदणीचे तीस हजार. बांधकाम चालू असलेला घेतला तर वर जीएसटी. आणि हे पैसे बँक कर्जात धरत नाही, ते खिशातूनच. पंचवीस लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता एकवीस हजार सातशेच्या आसपास. वीस वर्षांत बँकेला बावन्न लाख जातात, मामाजी. घेतले पंचवीस.

मामाजी : किरायानं देऊन टाक. किराया हप्ता भरेल.

भाची : त्या किरायात हप्त्याचा अर्धा भाग निघाला तरी मी नशीबवान समजेन. आणि किरायेदार कोण, नळ कोण दुरुस्त करणार, सोसायटीच्या बैठकीला कोण जाणार? दोनशे किलोमीटरवरून?

मामाजी : पोरांचं शिक्षण?

भाची : ते मलाही सतावते, खोटं कशाला बोलू. दहावीपर्यंत इथं चालेल. नंतर नीट, जेईईची शिकवणी लावायची म्हटलं तर नागपूरच. पण ती दोन वर्षांची गोष्ट आहे. वसतिगृह किंवा किरायाची खोली, मी किंवा आई जाऊन राहू. दोन वर्षांच्या शिकवणीसाठी वीस वर्षांचं कर्ज मी नाही काढणार.

तिच्या या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. नागपूरला घर घेण्याची कारणं असू शकतात. तिथं नोकरी असेल, तिथं राहायचं असेल, तर जरूर घ्यावं. मात्र जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बदली मुख्यतः जिल्ह्यातच होते. अवघड क्षेत्रातून निघाला तर सर्वसाधारण क्षेत्रात येतो, नागपुरात नव्हे. आंतरजिल्हा बदलीची वाट किती लांब असते ते या भागातल्या प्रत्येक शिक्षकाच्या घरी ठाऊक आहे. शिवाय नागपुरात स्वस्त दिसणारा प्लॉट घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, आरएल, म्हणजे रिलीज लेटर, आहे का? नागपूर सुधार प्रन्यासच्या त्या पत्राशिवाय नकाशा मंजूर होत नाही, बँक दारात उभं करत नाही, आणि ‘५७२’ नि ‘१९००’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनधिकृत लेआउटांच्या नियमितीकरणात लोकांची वर्षं गेली आहेत. दूर राहणाऱ्या माणसाला हे फेरे घालणं जमत नाही, म्हणून तो दलालावर विसंबतो.

मामाजींनी नागपूर सोडलं, पण ब्रह्मपुरी सोडायला ते तयार नव्हते. त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतंच. वैनगंगेचे दोन्ही काठ एकाच नात्यागोत्याचे आहेत. १९०५ साली ब्रह्मपुरी आणि चांदा (आताचं चंद्रपूर) तहसिलींतल्या जमीनदाऱ्या काढून गडचिरोली तहसील तयार झाली, आणि २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत दोन्ही काठ चंद्रपूर जिल्ह्यातच होते. सोयरिकी, बाजार, दवाखाना, शाळा, सगळं तेव्हापासून नदी ओलांडून चालत आलं. जिल्ह्याची रेघ नंतर आली.

मामाजी : ब्रह्मपुरीत रेल्वे आहे, कॉलेजं आहेत, दवाखान्यांची तर रांग आहे. रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर मी दहा मिनिटांत डॉक्टरपाशी. इथं काय करशील? तू स्वतः नर्स आहेस, तुला मी सांगायला नको.

भाची : इथं ग्रामीण रुग्णालय आहे. गडचिरोली चाळीस किलोमीटर. वाटेत चातगावला बंग डॉक्टरांचं शोधग्राम आहे. गडचिरोलीला महिला रुग्णालय आहे, २०२४ साली मेडिकल कॉलेजही सुरू झालं.

मामाजी : कॉलेजची पाटी लागली म्हणजे हृदयाचा डॉक्टर आला असं नाही होत, पोरी. शंभर पोरं पहिल्या वर्षाला बसली, ती शिकून बाहेर निघेपर्यंत तू पन्नाशीला येशील.

भाची : मी पन्नाशीला आल्यावरच मला त्याची गरज पडणार आहे ना?

मामाजी हसले, पण पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. मलाही इथं त्यांचीच बाजू वजनदार वाटते. आजारपणाचा प्रश्न भाचीनं जितका हलका केला तितका तो नाही. छातीत कळ आली, डोक्याला मार लागला, बाळंतपणात रक्तस्राव झाला, तर धानोऱ्याहून गडचिरोली आणि तिथून नागपूर हा प्रवास आजही करावा लागतो. मामाजींसारखी माणसं साठीनंतर नदी ओलांडतात ती चैनीसाठी नव्हे. मात्र त्यातून निघणारं उत्तर ‘आत्ताच पलीकडं घर बांधा’ हे नाही. भाची चाळिशीच्या आत आहे. वीस वर्षांनी लागणाऱ्या सोयीसाठी आजपासून वीस वर्षं कुलूपबंद घराचा हप्ता भरायचा, की तेवढा पैसा हाताशी राखून गरज पडेल तेव्हा गरज पडेल तिथं जायचं? माझा कौल दुसऱ्या वाटेला आहे.

मग गोष्ट वळली ती खऱ्या अडचणीकडं. मामाजींनी उभी हयात वन विभागात काढलेली, जमिनीचे कागद त्यांना तोंडपाठ.

मामाजी : बरं, इथंच बांध. पण जमीन घेशील कोणाची? धानोरा तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे. आदिवासी माणसाची जमीन तुला घेता येत नाही. महसूल संहितेचं ३६-अ कलम आहे, जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय असा व्यवहार होत नाही.

भाची : माहीत आहे, आणि मला तशी जमीन नकोच. तो कायदा आहे म्हणून इथल्या माणसाची जमीन इथल्या माणसाजवळ उरली. नाहीतर सावकार आणि ठेकेदारानं केव्हाच लिहून घेतली असती.

मामाजी : लोकं करतात ना पण. कोऱ्या स्टँपवर लिहून घेतात, नोटरी करतात. किंवा ओळखीच्या गोंड माणसाच्या नावावर घेतात आणि स्वतः राहतात.

भाची : करोत. मी नाही करणार.

मामाजी : मी कर असं म्हणूनच नाही राहिलो! उद्या कुणी तक्रार केली तर घरासकट जाते, हे सांगून राहिलो.

या बाबतीत दोघांचं एकमत झालं याचं मला समाधान वाटलं. १९७४ च्या कायद्यानं आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत मिळवून देण्याची तरतूद केली. बिगरआदिवासी नोकरदाराला ती गैरसोय वाटते, पण धानोऱ्यासारख्या गावात दीडदोन पगारांच्या बळावर बाहेरच्या माणसानं रस्त्याकडेची जमीन उचलायची आणि मूळ मालकानं त्याच जमिनीवर मजूर म्हणून विटा वाहायच्या, हे थांबवणारी तेवढीच एक भिंत आहे. धानोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर मेंढा-लेखा आहे. २००९ साली या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०१३ साली गावानं आपली सगळी शेतजमीन ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या हाती देण्याचा निर्णय घेतला. तिथं प्लॉटचा भाव विचारणाऱ्याला उत्तरच मिळत नाही. नागपूरच्या रिंग रोडला जमिनीला चौरस फुटाचा भाव आहे, आणि इथं एक अख्खं गाव म्हणतं की जमीन ही विकायची वस्तू नाही. घर कुठं घ्यावं याचा विचार करणाऱ्यानं ही दोन टोकं एकदा डोळ्यांनी पाहावीत.

भाचीच्या डोळ्यासमोर असलेली जागा धानोऱ्यातल्या जुन्या आबादीतली आहे. मालक बिगरआदिवासी, समोर कवेलूचं जुनं घर, मागं सांदवाडी. जागा शेतजमीन नसल्यानं एनएचा प्रश्न नाही. मामाजींनी मग एकेक प्रश्न काढायला सुरुवात केली.

मामाजी : आखीव पत्रिका निघते का तिची?

भाची : मालक म्हणतो निघते. मी अजून पाहिली नाही.

मामाजी : मालक म्हणतो ते सोड. भूमी अभिलेखातून नक्कल काढ. धारणाधिकार काय लिहिला आहे ते पाहा. भोगवटदार वर्ग दोन असेल तर परवानगी लागेल. नझूल असेल तर आणखी वेगळं. तीस वर्षांचा शोध घ्यायला वकील लाव. आणि सगळ्यात आधी, जुन्या रेकॉर्डला झुडपी जंगल तर लिहून नाही ना?

हा शेवटचा प्रश्न पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकाला कळणार नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत जुन्या मध्यप्रांताच्या नोंदींमध्ये ‘झुडपी जंगल’ असं लिहिलेल्या सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनी आहेत. त्यांवर शाळा उभ्या राहिल्या, कचेऱ्या झाल्या, माणसांनी घरं बांधली. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं या जमिनी वनजमीनच आहेत असा निकाल दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्यानं दिलेल्या जागा नियमित करण्याची वाट ठेवली, त्यानंतरच्या जागांना मात्र कडक तपासणी आहे. म्हणजे एखाद्यानं रीतसर पैसे मोजून घेतलेल्या प्लॉटखाली जंगल निघू शकतं. ब्रह्मपुरीला घ्या, नागपूरला घ्या, धानोऱ्याला घ्या, हा प्रश्न तिन्ही ठिकाणी विचारावा लागतो.

मामाजी : आणि विकायची वेळ आली तर? धानोऱ्यातलं घर कोण घेईल? गडचिरोलीला तरी रेल्वे येऊन राहिली आहे. वडशाहून बावन्न किलोमीटरचा मार्ग होतो आहे. कोनसरीला लोखंडाचा कारखाना झाला. तिकडचे भाव वाढतील.

भाची : वाढू द्या. मी राहायला बांधून राहिली, विकायला नाही.

मामाजी : सगळे असंच म्हणतात.

इथं मला भाचीला एक गोष्ट सुचवावीशी वाटली आणि मी ती सुचवली. धानोऱ्यातलं घर लवकर विकलं जाणार नाही हे मामाजींचं म्हणणं खरं मानूनच चालावं. मग त्या घरात आयुष्यभराची पुंजी ओतू नये. ऐपत तीस लाखांची असली तरी घर पंधरात बसवावं. खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर, ओसरी, मागं सांदवाडी तशीच ठेवावी, भिंती वर दुसरा मजला झेपेल अशा घ्याव्यात. उरलेला पैसा पोरांच्या शिक्षणासाठी आणि मामाजी सांगतात त्या आजारपणासाठी वेगळा राखावा. गडचिरोलीचं सुचवायला मी धजलो नाही. चाळीस किलोमीटर रोज जाऊन-येऊन करणारी परिचारिका रात्रपाळीला काय अवस्थेत पोचते, ते तिनं स्वतः आधी सांगितलं होतं. रेल्वेच्या आशेवर भाव आधी चढतो आणि गाडी फार उशिरा येते, हा अनुभवही या जिल्ह्याला आहे. आजही अख्ख्या जिल्ह्यात स्टेशन एकच, वडसा.

मामाजी : आणि हत्ती? २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून मुरुमगावकडूनच उतरले होते. धान तुडवलं, घरं पाडली. मी निवृत्त झालो होतो तरी फोन येत होते मला.

भाची : तुमच्याकडं वाघ आहेत की! ब्रह्मपुरीचे वाघ तर पेपरात रोज. आणि २०२० च्या ऑगस्टात गोसीखुर्द धरणाचं पाणी सोडलं तेव्हा तुमच्या तालुक्यातली नदीकाठची गावं बुडाली होती, तेव्हा तुम्हीच मला फोन केला होता. नागपूरही २३ सप्टेंबर २०२३ ला एका रात्रीत पाण्यात गेलं. संकट नाही असं गाव मला दाखवा, मी तिथं बांधते.

मामाजी : नक्षलची भीती?

भाची : ती आता पूर्वीसारखी नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात माओवादी नेता भूपतीनं साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं ठेवली. आणि भीती होती तेव्हाही आम्ही इथंच होतो. एकस्तर वेतनश्रेणी, प्रोत्साहन भत्ता सरकार आम्हाला देते ते इथं राहून काम करण्यासाठी. तो पैसा नेऊन ब्रह्मपुरीत विटा रचायच्या, हे मला पटत नाही.

तिचं हे वाक्य माझ्या मनात फार खोल गेलं. ज्या गावात नळाला पाणी आलं नाही तर मास्तरांच्या, तलाठ्याच्या आणि परिचारिकेच्याही घरी येत नाही, त्या गावातला नळ लवकर दुरुस्त होतो. ज्या शाळेत गुरुजींची स्वतःची पोरं शिकतात, त्या शाळेच्या छतातून गळणारं पाणी कुणाला तरी रात्री झोपू देत नाही. धानोऱ्यासारख्या गावांना अधिकारी मिळतात, निधी मिळतो, योजनाही मिळतात. मिळत नाही तो शेजारी. प्रत्येक नोकरदारानं इथं घर बांधावं असा आग्रह मी धरणार नाही, आजारी आई ब्रह्मपुरीला असलेल्या माणसानं ब्रह्मपुरीलाच बांधावं. पण ज्याचं काम, कुटुंब आणि मन तिन्ही इथं आहे, त्यानंही केवळ ‘सगळे तिकडं घेतात’ म्हणून नदी ओलांडावी, याचं मला वाईट वाटतं. राज्यपालांनी सप्टेंबर २०२० मध्ये अधिसूचना काढून अनुसूचित क्षेत्रातल्या वनहक्कधारक कुटुंबांना गावालगतच्या वनजमिनीवर घर बांधण्याची वाट मोकळी केली, तीही वाढत्या कुटुंबांना जागेअभावी गाव सोडावं लागू नये म्हणूनच.

चहा झाला. मामाजींनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर ब्रह्मपुरीच्या प्लॉटचा नकाशा होता. तो त्यांनी उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं : आखीव पत्रिका, शोध अहवाल, नगरपंचायतीची कराची पावती, बांधकाम परवानगी, वारसांच्या सह्या.

भाची : वारसांच्या सह्या कशाला? मालक जिवंत आहे.

मामाजी : त्याला दोन बहिणी आहेत. घर वडिलांचं होतं. बहिणींनी हक्क सोडल्याचा कागद नोंदवला आहे का?

भाची : हे मी विचारलंच नव्हतं.

मामाजी : म्हणून तर म्हातारे लागतात. तू सुट्टी टाक मंगळवारची. आधी भूमी अभिलेख, मग तहसील. बहिणींपैकी एक आरमोरीला दिली आहे, तिच्याकडं मी स्वतः जाऊन येतो. ती नाही म्हणाली तर इसाराचा एक रुपया द्यायचा नाही, कबूल?

भाची : कबूल. आणि खालची एक खोली तुमच्यासाठी, संडास-बाथरूम लागून.

मामाजी : खोलीचं मग बघू. पायऱ्या करू नको तिथं, उतार कर.